खराटा आणि स्लिपर क्लच

एका मंगळवारी सकाळी साडेनऊला पिरंगुटजवळ दत्ता गेला. स्कूटर थांबवून तो रस्ता ओलांडायची वाट पाहत होता. डोक्यावर हेल्मेट होतं. मागून टेम्पो आला.

हे मी मुद्दाम असं लिहितो आहे, कारण गेले सात आठवडे मी वेगळंच ऐकतो आहे. दहाव्याच्या दिवशी घराच्या अंगणात त्याचे चुलते सगळ्यांदेखत म्हणाले, "त्या गाडीनंच खाल्ला त्याला. किती सांगितलं, न्हाई ऐकलं." त्याची बायको मंगल मान वर करून म्हणाली, "ती गाडी शेडात हुती, तात्या." पण भरे गावात आणि त्याच्या कारखान्यात अजून तेच बोललं जातं... मोटारसायकल घसरवायचा नाद होता, एक ना एक दिवस हे व्हायचंच होतं. मी भांडखोर माणूस नाही. एका महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळतो, दिवसभर हळू आवाजात बोलतो. या एका बाबतीत मात्र मी ऐकून घेणार नाही.

दत्ता आणि मी भरे गावच्या शाळेत एका बाकावर बसलो. त्याचं घर मेंढरं पाळणारं. कळप थोरल्या भावाकडे राहिला, दत्ता लेथवर कामाला लागला. चाळिशी ओलांडल्यावर त्यानं मातीतल्या शर्यतीसाठी बनलेली एक जुनी, उंच, हलकी मोटारसायकल घेतली आणि तिला डांबरावरची रुंद चाकं बसवली. अशा गाडीला सुपरमोटो म्हणतात. वळणाआधी जोरात ब्रेक मारत भराभर गिअर खाली आणायचे, मागचं चाक बाहेर सरकू द्यायचं आणि तिरक्या गाडीनं वळणात शिरायचं, हे त्याला शिकायचं होतं. कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "तू एवढी पुस्तकं कशापायी वाचतोस, मास्तर?" मी मास्तर कधीच नव्हतो. चष्मा लावणारा मित्र म्हणजे मास्तर, इतकंच.

गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याला प्लॉटिंगची एक स्कीम आहे. कमान आहे, दिव्यांचे खांब आहेत, आत काँक्रीटचे रस्ते आहेत आणि घर एकही नाही. मालकाला विचारून दत्तानं रविवारची सकाळ मिळवली होती. पण त्या रस्त्यावरून भावाचा कळप जायचा आणि वळणावर लेंड्या पसरलेल्या असायच्या. मग दत्ता खराटा घेऊन अख्खं वळण झाडायचा, बारीक खडे हातानं वेचायचा, शाळेच्या मैदानावर मारतात तशी चुन्याची फक्की मारायचा... इथे ब्रेक, इथे गिअर. अर्धा तास झाडलोट आणि वीस मिनिटं गाडी. भाऊ काठीवर रेलून म्हणायचा, "आरं, आपलं अंगण तरी झाडलंस का असं कधी?" दत्ता मान वर न करता म्हणायचा, "तुझ्या मेंढरास्नी चड्ड्या शिव, मग न्हाई झाडत." ज्याला लोक बेफिकीर म्हणतात, तो हा माणूस.

सुरुवातीला गाडी सरकायचीच नाही, उसळ्या मारायची. वेगात गिअर खाली आणला की इंजिन चाकाला मागे ओढतं, आणि मागचं चाक रस्त्यावर टणाटणा आपटत जातं. काँक्रीटवर काळे तुटक ठिपके उमटायचे. मग पैसे साठवून त्यानं स्लिपर क्लच आणला. तो काय करतो, हे त्यानं मला मेंढ्यावरून समजावलं. "मेंढा वढाय लागला की दावं करकचून धरलं तर त्यो उसळतो. जरा सैल सोडायचं, मग परत धरायचं. ह्यो क्लच तेच करतोय, न सांगता."

आणि तिथेच तो चुकला. जितकं सैल तितकं बरं, असं धरून त्यानं क्लच हवा त्याहून मोकळा लावला. पुढच्या रविवारी गिअर खाली आणले, तर इंजिननं चाकाला धरलंच नाही. गाडी थेट चुन्याच्या रेघा ओलांडून तारेच्या कुंपणात गेली. मी धावलो. कोपर सोललं होतं. आडवा पडल्या पडल्या म्हणाला, "लई सैल सोडलं मास्तर. मेंढा गेला कुंपनात." दुसरा कोणी असता तर क्लच आवळून पुन्हा निघाला असता. यानं तो काढून फडक्यात गुंडाळून ठेवला, जुना बसवला, आणि दीड महिना एका बोटानं क्लचचा दांडा हळूहळू सोडायला शिकत राहिला. "आधी माझ्या बोटाला कळू दे," म्हणायचा, "मग यंत्राला सांगू."

नंतर त्यानं स्लिपर क्लच नीट मापात बसवला. त्या सकाळी गाडी उसळी न मारता तिरकी झाली, मागचं चाक बाहेर गेलं, वळणभर तसंच राहिलं आणि सरळ झालं. तो ओरडला नाही. उतरला, हेल्मेट काढलं आणि चाकाच्या खुणेशेजारून चालत आला. चुन्याच्या दोन रेघांमध्ये एक काळी कमान उमटली होती. "बघ," म्हणाला, "कुटं तुटली न्हाई."

मागच्या आठवड्यात तात्यांनी अपशकुनी गाडी म्हणून भंगारवाला बोलावला. मंगलनं त्याला दारातूनच परत पाठवलं आणि मला फोन केला. "भावजी, गाडी तुमी न्या. आन् पेपरात लिव्हा त्यांच्यावर. पण देवाला आवडले, आसलं काय लिव्हू नका."

नाही लिहीत. दत्ता कुणाला आवडला म्हणून गेला नाही, आणि नादापायीही गेला नाही. वळणावर तो जितका सावध असे, तितका सावध त्या सकाळी रस्त्यावर टेम्पोवाला नव्हता. एवढंच घडलं, आणि हे मी ज्याच्या त्याच्यापुढे म्हणेन, आवाज चढवून म्हणेन.

काळी कमान आता मेंढरांच्या खुरांखाली पुसट झाली आहे. गाडी माझ्या पार्किंगमध्ये आहे, खराटा दाराआड. रविवारी मी वळण झाडतो, खडे वेचतो आणि दुसऱ्या गिअरमध्ये फेरी मारतो. मला अजून सरकवता येत नाही.