उंबऱ्याबाहेर दिलेले पैसे

‘पैसे कसे देणार?’ हा प्रश्न फोनच्या पडद्यावर उमटला तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच होते, आणि तरीही लाजले. कढईत शंकरपाळे तळले जात होते, नांदेडच्या आमच्या गल्लीत आकाशकंदील लागू लागले होते, आणि दिवाळीच्या सेलमधली एक निळी लेडीज सायकल कितीतरी दिवस माझ्या निर्णयाची वाट पाहत फोनमध्ये पडून होती.

त्याच वर्षी मी महाविद्यालयातल्या संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त झाले होते. सायकल मला येत नव्हती. लातूरला माहेरी सायकल भावांची होती आणि पुस्तके माझी. पुढे यजमानांच्या स्कूटरवर मागे बसून आयुष्य सुखात गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु मागे बसणाऱ्याला रस्ता नेहमी कुणाच्या तरी खांद्यापलीकडून दिसतो.

दुकानात जाऊन सायकल घेणे मला शक्य नव्हते. दुकानदार ‘कुणासाठी?’ असे विचारणार, मी ‘भाचीसाठी’ असे सांगणार आणि भाचीच्या मापाची सायकल घेऊन घरी येणार, हे स्वतःच्या स्वभावावरून मला पक्के ठाऊक होते. फोन मात्र ‘कुणासाठी’ असे विचारत नव्हता. तो फक्त ‘पैसे कसे’ एवढेच विचारत होता. हा प्रश्न सोपा आहे, असा माझा समज होता.

आमचे बँकेतले खाते दोघांच्या नावे आहे, आणि खात्यातून पैसे गेल्याचा निरोप यजमानांच्या फोनवर येतो. असे निरोप ते आकाशवाणीच्या बातम्यांसारखे मोठ्याने वाचून दाखवतात. म्हणजे आमचे कार्ड बाद. हप्त्यांची सोय होती, व्याजही नव्हते. पण दर महिन्याला हप्ता कापताना बँक मला ‘आली का चालवायला?’ असे विचारते आहे, असे वाटत राहिले असते. घसघशीत सवलत होती ती दुसऱ्याच एका बँकेच्या कार्डावर, आणि ते कार्ड लातूरच्या माझ्या थोरल्या बहिणीकडे होते. सेलच्या दिवसांत असे कार्ड ज्याच्याकडे असते, त्याचा मान खानदानात जावयासारखा वाढतो. मी ताईला फोन केला.

“काय घेऊन राहिलीस?” तिने विचारले.

“एक वस्तू आहे.”

“वस्तू म्हणजे? मिक्सर?”

“मिक्सरच समज.”

“समज म्हणजे काय गं? मिक्सर हाय का न्हाई? माझ्या कार्डावर दिरानं टीव्ही घेतला, जाऊबाईच्या लेकीनं कपाट घेतलं. सगळ्यांनी नाव सांगून घेतलं. तुझंच काय एवढं झाकून?”

तरीही तिने कार्डावरचे आकडे सांगितले. बँकेचा परवलीचा क्रमांक तिच्या फोनवर जाणार होता, आणि ती त्या वेळी गंजगोलाईच्या बाजारात पणत्या घेत उभी होती. “हां, आला बघ. चार, नऊ… अवो भाऊ, ह्या डझनाला कितीला? मागच्या साली तर… हां, काय म्हणत होते? चार, नऊ…” पणत्यांचा भाव ठरेपर्यंत क्रमांकाची मुदत संपून गेली. पुन्हा मागवूया म्हणाली. पण तोवर तिच्या मनात मिक्सरविषयीचा संशय पुरता वाढला होता. ताईला कळले की संध्याकाळपर्यंत देवणीपासून किल्लारीपर्यंतच्या सगळ्या नातलगांना कळते. राहू दे म्हटले आणि फोन ठेवला.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की पैसे कसे द्यायचे हे ठरवताना मी पैशांचा विचार करतच नव्हते. कुणाला कळू द्यायचे, हेच ठरवत होते. या दृष्टीने पाहता यादीतला शेवटचा पर्याय थेट मला उद्देशूनच घातलेला दिसला: वस्तू हाती आल्यावर रोख. बँकेला कळायचे नाही, यजमानांना नाही, लातूरला नाही. शिवाय दारातून ‘नको’ म्हणून परत पाठवण्याची मुभा. सवलत जात होती. पण ती माझ्या भित्रेपणाची किंमत होती, आणि सेलमधल्या इतर किमतींच्या मानाने मला ती वाजवी वाटली. मी बटण दाबले. मग एकटीच हसत सुटले, गॅससमोर एक गिरकीही घेतली. त्या घाण्याचे शंकरपाळे जरा जास्तच खरपूस झाले.

सायकल भाऊबीजेनंतर येणार, असे फोनने कळवले होते. मी तेवढी रक्कम पाकिटात घालून कपाटात ठेवली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सासूबाईंनी पाट मांडला. त्या भोकरकडच्या, गुडघ्यांनी दगा देईपर्यंत स्वतः शेत पाहत होत्या. “घरातला पैसा समदा मांड, पोरी. एक बी मागं ठिवू नको,” असे त्या दरवर्षी सांगतात, आणि मी दरवर्षी ऐकते. याही वर्षी ऐकले. पाकीटसुद्धा मांडले. त्यांनी त्यावर हळद-कुंकू वाहिले, फुले ठेवली, निरांजन लावले. आणि दारावरची घंटा वाजली.

दारात माणसाएवढे खोके उभे होते, आणि ते कशाचे आहे याचे चित्र त्याच्या चारही अंगांवर छापलेले होते.

“सायकल हाय, मॅडम,” खोके आणणारे गृहस्थ म्हणाले. “रोख लिवलंय.”

“चुकून आली असेल,” यजमान म्हणाले. “आमच्याकडे कुणाची सायकल?”

“पत्ता तर हाच हाय, साहेब. घ्यायची नसंल तर तसं सांगा. उद्यापासून सुट्टी, न घेतलेला माल आजच परत चाललाय.”

माघारीचा दरवाजा मी सवलत सोडून विकत घेतला होता, आणि तो आता सताड उघडा होता. ‘हो, चुकूनच आली’ हे शब्द ओठांपर्यंत आलेही. पण ही परत गेली तर मी दुसरी कधीच मागवणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होते.

“मी मागवली,” मी म्हणाले. “मला चालवायला.”

यजमानांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. सासूबाईंना सायकलीचे काहीच वाटले नाही.

“मागव की. पण आज पैसा घराभाईर जायचा न्हाई. दिवा लागलाय.”

“आत्याबाई, तो परत नेईल,” मी सासूबाईंना म्हणाले.

“लक्षुमी पाटावर बसलीय, अन् तिला उठवून ह्याच्या हातावर ठिवू? लाज वाटू दे जरा.”

दारातल्या गृहस्थांना हा पेच नवा नसावा. “आजी, पाटावरचं राहू द्या. मॅडम फोनवरून देतील. तो पैसा घरात नसतोच, बँकेत असतो.”

सासूबाईंनी विचार केला. “बँक कुठं हाय?”

“वजिराबादला,” यजमान म्हणाले.

“म्हंजी वजिराबादची लक्षुमी जाणार.”

“हाव,” दारातले गृहस्थ म्हणाले.

“मग त्यांचं ते बघतील.” मला हुश्श झाले, पण निकाल अजून पुरा व्हायचा होता. “पर फोन तर घरात हाय. उंबऱ्याच्या आत उभं राहून द्यायचं न्हाई. भाईर जा. पार रस्त्यावर.”

अशा रीतीने, कुणालाही कळू नये म्हणून एवढा खटाटोप करणारी मी, पैठणी नेसून भर गल्लीत उभी राहिले. दोन्ही बाजूंनी दारोदार पणत्या मांडणे चालले होते, ते थांबले. यूपीआयने मी तोवर फक्त फोनचे रिचार्ज केले होते. गृहस्थांनी पुढे धरलेला क्यूआर कोडचा चौकोन माझ्या फोनच्या चौकटीत काही येत नव्हता.

“जरा जवळ घ्या,” समोरच्या काकू ओट्यावरून म्हणाल्या. “काय आलं?”

“सायकल,” मी म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना ते बरेच सोपे गेले.

“तुम्हाला येती?”

“नाही येत.”

पैसे गेले. त्याच क्षणी घरातून यजमानांचा खणखणीत आवाज आला, “आपल्या खात्यातून रुपये…” आणि उरल्यासुरल्या घरांनाही रक्कम कळली. गल्ली हसली. मीही हसले, आणि मग ते हसू मला आवरेनाच.

खोके अंगणात फोडले. यजमानांनी पान्याने हँडल आणि पेडल बसवले. हँडल किंचित डावीकडे पाहत होते, पण ते म्हणाले, चालायचेच. सासूबाईंनी चाकाला कुंकू लावले. अंधारात शिकण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून सायकल स्टँडवर चढवली आणि मला, पदर खोचून, वर बसवले. मी पेडल मारले. मागचे चाक जमिनीला न टेकता गरगर फिरू लागले. मी आणखी जोरात मारले. घंटी वाजवली. काकू, त्यांच्या सुना, सगळ्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या, आणि मी जागच्या जागी सुसाट निघाले.

“उतर आता, परसाद घे,” सासूबाई लाह्या-बत्ताशांची वाटी घेऊन म्हणाल्या.

“थांबा जरा, आत्याबाई,” मी म्हणाले, आणि पुन्हा घंटी वाजवली.