हिरव्या फुलांची चादर

"भाऊ, चादर लावतो. मंग आत तुमचं राज्य!"

असं म्हणून चाचा भिंतीतल्या खिळ्याला सुतळी बांधायचा, तिचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला, आणि वर हिरव्या फुलांची विटकी चादर टाकायचा. चादर सरकारी नव्हे, त्याच्या घरची. नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात चाचा परिचर होता. रोग्यांचं अंग पुसणं, शौचाचं भांडं देणं, भांडं उचलणं हे त्याचं काम.

मी तिथं पोचलो तो दोन्ही हात मोडून. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे जंगलात गेलो आणि अस्वलानं मला उचलून आपटलं. केवढं अस्वल? पहिल्या दिवशी माणसाएवढं होतं. पुढं पुढं ते उभं राहिलं की त्याचं डोकं सागाच्या शेंड्याला लागू लागलं. वॉर्ड दुखणं विसरून ऐकायचा. शेजारच्या खाटेवरचा हर्नियाचा म्हातारा टाके तुटतील म्हणून उशी पोटाशी धरून हसायचा.

पण मंडळी, अस्वलाशी कुस्ती खेळलेल्या माणसालाही सकाळी संडासाला होतं. हात गळ्यात बांधलेले असले की त्याला दुसऱ्यानं धुवावं लागतं. माझ्या बायकोनं मला कधी उजेडात पाहिलं नव्हतं, आणि इथं हा परका माणूस! लाजेनं अंग भाजत होतं. मी डोळे गच्च मिटायचो.

"भाऊ, हात लावू का?" चाचा दर वेळी विचारायचा. मी 'नाही' म्हटलं असतं तर खरंच थांबला असता. "आता कुशीवर घेतो. पाणी कोमट हाये." आणि नजर सगळा वेळ खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर.

त्या लाजेतच एकदा बांध फुटला. रडत म्हणालो, "चाचा, अस्वल नवतं. पाटलाच्या म्हशीची वगार होती. अंधारात मले अस्वल वाटलं. भेवानं झाडावर चढलो, आन् फांदीसकट खाली आलो."

चाचानं टॉवेल पिळला. "पाठ पुसू का, भाऊ?"

बस्स. एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी चाचाकडं चोरून बघत पुन्हा अस्वल काढलं. म्हाताऱ्यानं त्यालाच गाठलं, "काऊन गा चाचा, खरंच होतं काय अस्वल?"

"मी अंग पुसतो, बाबा. गोष्टी हे सांगतात."

अस्वल मात्र वॉर्डात राहीना. ते चालत माझ्या गावी पोचलं. बाया जंगलात जायच्या थांबल्या. ऐन हंगामात मोह झाडाखाली सडू लागला. वर्षाचं मीठ-तेल ज्या फुलांवर निघतं, ती डुकरं खात होती. शेवटी वनरक्षक चौकशीला आला. चार लोकांपुढं माघार कशी घेऊ? मी अस्वल आणखी हातभर वाढवलं. मग वनरक्षकानं चाचाला व्हरांड्यात धरलं. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"तू रोज जवळ असतो त्याच्या. तुले काही बोलला काय?"

"साहेब, चादरीआडचं मी बाहेर नेत नाई. त्याईले इचारा."

"सरकारी काम आहे!"

"माहं बी सरकारीच हाये."

मग तो पाणी घेऊन आला, चादर लावली, विचारलं, हात लावला. पाय पुसता पुसता हळूच म्हणाला, "भाऊ, मी मेलो तरी सांगणार नाई. पण मोहाचे दिवस निघून चालले. गावच्या बाया घरी बसून राह्यल्या. त्याच्यात तुमची माय बी असन."

मी चाचाला वनरक्षकाला बोलवायला लावलं. आणि सगळ्यांदेखत वगार सांगितली.

खिडकीच्या काचा हलल्या असतील असं हसू उसळलं. म्हाताऱ्याचे टाके तर तुटलेच, मी शपथेवर सांगतो. "वगारीनं पाडला गा पैलवान!" माझं तोंड लपवायला मला हात नव्हते. नुसता पडून राहिलो, उघडा, सगळ्यांसमोर.

चाचा तरातरा आला. सुतळी बांधली, चादर टाकली. हातात ना पाणी, ना टॉवेल. "अंग पुसायची वेळ हाये," वॉर्डाला म्हणाला, आणि स्वतः बाहेर पाठ करून उभा राहिला. मी आत पोटभर रडलो.

दवाखान्यातून सुटी झाल्यावर मी त्याच्यासाठी कोंबडी नेली. आमच्याकडं जीव सांभाळणाऱ्याला कोंबडी देतात, आणि ती नाकारणं म्हणजे भांडणच.

"नाई भाऊ. आज तुमची घेतली, तं उद्या ज्याच्याजवळ कोंबडी नाई त्याचं भांडं मी उशिरा उचलीन."

मी रागानं निघालो. पुढं सासऱ्यासोबत बाजारात गेलो, तर तो समोरून आला आणि ओळख न दाखवता निघून गेला. राग आणखी वाढला. कळायला फार दिवस लागले. तो बोलला असता, तर सोबतच्या सासऱ्यानं विचारलं असतं, हा कोण, कुठला? आपण आधी हाक मारली की मात्र हसून थांबायचा.

चाचा गेला तेव्हा त्याच्या गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. दुकानदार, मास्तर, जंगलातल्या गावांहून आलेली माणसं. सगळ्यांच्या माना खाली. तुम्ही यांना कसे ओळखता, असं कोणीच कोणाला विचारलं नाही. मीसुद्धा नाही, आणि माझं तोंड तर तुम्हाला माहीतच आहे.

अंगणात त्याच्या मुलांनी त्याला आंघोळ घालायला आडोसा केला. तीच चादर. हिरवी फुलं जवळजवळ गेलेली. वाऱ्यानं तिचं टोक उचललं, तसे आम्ही सगळे, कोणी न सांगता, पाठ करून उभे राहिलो.