मॅडम आणि शेवटचं रीळ

आमच्या कॉलनीतल्या मॅडम कुणाच्याही घरात शिरल्या की आधी टीव्हीकडे बोट दाखवत आणि म्हणत, "बंद कर ते." तब्येतीची चौकशी नाही, काही नाही. आपण चहा ठेवायला आत जावं आणि परत येईतो रिमोट त्यांच्या मांडीवर. इतकी शिष्ट बाई सबंध पिपरी मेघेत दुसरी नव्हती, आणि तिला मैत्रीण म्हणून नेमकी मी सापडले होते.

मॅडम शेजारच्या वर्ध्यात एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. मी सरकारी कचेरीतली टायपिस्ट, म्हणजे त्यांच्या लेखी बोटांचा व्यायाम करणारी अडाणी बाई. त्यांचा सगळा जीव जुन्या काळ्यापांढऱ्या हॉलिवूडच्या सिनेमांत. हिंदी सिनेमा म्हणजे लग्नाची वरात, मराठी सिनेमा म्हणजे सासूची तक्रार. आणि आजकालचे इंग्रजी सिनेमे? "पोट्टे नुसते फटाके फोडून राह्यले."

त्यांचा हैदराबादचा मुलगा पेनड्राइव्हमध्ये जुने सिनेमे भरून पाठवी. तो पेनड्राइव्ह त्या माझ्या हातावर ठेवत. सिनेमा सुचवणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. त्या गृहपाठ देत. "तिसरा पाह्यजो. मधात उठू नको. पापड लाटता लाटता पाहशील तर मले सांगूच नको." दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा.

मी एकही सिनेमा पाहत नव्हते. फोनवर गोष्टीचा सारांश वाचायचा आणि मॅडमसमोर दोनदा 'काय ते छायाचित्रण' म्हणायचं, की सुटका. मला वाटे, बाईला बनवणं सोपं आहे.

मग कॉलनीतल्या आम्ही दहाबारा बायका टेम्पोने केळझरच्या गणपतीला निघालो. सेलू मागे पडलं तसं मॅडमनी सगळ्यांदेखत विचारलं, "काऊन वो सुधा, तो बर्फात हरवलेल्या शिंप्याचा सिनेमा पाह्यला का? शेवटून दुसरा?"

"पाहिला ना. फार सुंदर."

"आन् तो शिंपी मरते तेव्हा?"

"डोळ्यांत पाणीच आलं, मॅडम."

"असा सिनेमाच नाई," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "काल वांगे चिरता चिरता रचला मी."

टेम्पो हसून हसून हलला. देवळात पोचलो तरी एकेक बाई माझ्याकडे बघून "शिंपी" म्हणत होती. त्या दिवसापासून मी मॅडमशी बोलणं टाकलं. गेटसमोरून जाताना त्या मान ताठ ठेवत, मी तर त्याहून ताठ.

महिनाभराने मी पहिल्यांदा तो पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. सिनेमाच्या ओढीने नव्हे, मला मॅडमची चूक पकडायची होती. एका दीपगृहात राहणाऱ्या बाईची गोष्ट त्यांनी कॉलनीत प्रत्येकीला ऐकवली होती: नवरा समुद्रावर गेलेला, ही रोज दिवा लावते, आणि शेवटी तो घरी येतो. मी पापड न लाटता, मधे न उठता सिनेमा पाहिला. नवरा येत नाही. त्याची टोपी तेवढी येते. मला इतका आनंद झाला, की केस विंचरायलाही थांबले नाही.

मॅडम अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. मी फाटकातूनच म्हणाले, "तो बुडतो, मॅडम. घरी येत नाही."

"येते."

"तुम्ही शेवट पाहिलाच नाही!" मी नुसतं डिवचायला म्हटलं होतं.

मॅडमच्या हातातल्या मिरच्या खाली सांडल्या. त्या पायरीवर बसल्या आणि सांगू लागल्या. त्यांचे वडील कामठीच्या लष्करी छावणीत सिनेमाचं मशीन चालवत. रविवारी साहेब लोकांसाठी इंग्रजी सिनेमा असे आणि ही पोरगी मशीनच्या खोलीत डब्यावर बसून पाही. पण खेळ सुटल्यावर साहेबांना ऑपरेटरची मुलगी तिथे दिसता कामा नये, म्हणून शेवटचं रीळ चढवायच्या आधी वडील तिला घरी धाडत. दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालून देता देता शेवट सांगत.

"आता तर घरी आहे ना सगळं. मग शेवट कधी पाहिला नाहीत?"

"बाबानं सांगितलं होतं ना. मंग काऊन पाहू?" एवढं बोलून त्या आत गेल्या आणि दार लावलं.

आयुष्यभर दुसऱ्यांना 'सिनेमा पाहता येत नाही' म्हणणारी बाई एकाही सिनेमाच्या शेवटापर्यंत गेली नव्हती. मला खूप हसू यायला हवं होतं. मी घरी येऊन नुसती बसून राहिले. जिंकायला गेले होते आणि एका मेलेल्या माणसाला खोटं पाडून आले होते.

आठवड्याने एका दुपारी मॅडम आल्या. माझी मालिका चालू होती, पण त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवलं नाही. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "लाव." आम्ही दोघींनी तो सिनेमा पहिल्यापासून पाहिला. टोपी किनाऱ्याला लागली तेव्हा मॅडमनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली. मग पडद्यावर नावं यायला लागली. त्यांनी चष्मा पुसला.

"बाबाचा शेवट चांगला होता," त्या म्हणाल्या. "ह्या लोकायले सिनेमा करता येत नाई."

आणि सबंध हॉलिवूडला नापास करून त्या चहा न घेताच गेल्या.

मागल्या वर्षी मुलाने त्यांना हैदराबादला नेलं. आता त्यांना नीट दिसत नाही. रविवारी दुपारी त्या फोन करतात आणि मी पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट सांगते. दारं, खिडक्या, कुणाच्या हातात काय होतं, सगळं. शेवटच्या रिळाशी आले की त्या मला थांबवतात आणि पुढचं स्वतः सांगतात. एकही माणूस मरत नाही, एकही बाई एकटी राहत नाही. मी हूं हूं करत ऐकते.

"समजलं का?" त्या विचारतात. "नाई समजलं असन. टायपिस्टच तू. ठेव आता फोन."