गोठ्यामागची पंगत

आमच्या घरी नाताळ जोरात असतो असं म्हटलं की सांगलीला माझ्या शाळेतल्या बायका आधी माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडं बघतात, मग माझ्या तोंडाकडं. विचारायचं तर असतं, पण कसं विचारायचं कळत नाही. मग मीच सांगून टाकते. आमच्याकडं चर्च नाही, झाड नाही, केकही नाही. आमच्याकडं बडाखाना असतो.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, फौजेत हवालदार होते. फौजेत सणाला सगळे जवान एकत्र जेवतात, त्याला बडाखाना म्हणतात, आणि त्या दिवशी साहेब लोक हातात बादल्या घेऊन जवानांना वाढतात. एरवी ज्याच्यापुढं टाच जुळवायची, तोच 'अजून एक पुरी घे' म्हणून मागं लागतो. आण्णा नवीन भरती झालेले असताना नाताळाच्या बडाखान्याला एका साहेबानं त्यांच्या ताटात स्वतःच्या हातानं रस्सा वाढला. घरची आठवण येऊन आण्णांना घास उतरेना. हे ते दर वर्षी सांगतात आणि दर वर्षी त्या साहेबाची मिशी थोडी मोठी होते.

पेन्शनीत आले त्या वर्षी मी आणि माझा धाकटा भाऊ नाताळाच्या सुट्टीत घरी होतो. कराडच्या अलीकडं आमचं गाव, उसाचा पट्टा. सकाळीच आण्णा बाजारातून मटण घेऊन आले आणि म्हणाले, "आज बडाखाना. घरात सगळ्यात खालच्या हुद्द्याचं कोण हाय?" भावानं हात वर केला. आण्णा म्हणाले, "तू न्हवं रं. सगळ्यांच्या मागनं कोण जेवतं?"

आम्ही सगळ्यांनी आईकडं बघितलं.

आई काही केल्या चुलीपुढून उठेना. "आवं, बाप्यानं वाढायचं आन् बाईनं बसून गिळायचं? लोक शेण घालतील तोंडात." पण आण्णांनी स्वतः रस्सा केला, पुऱ्या तळल्या, सोप्यात पंगत मांडली आणि आईला पहिल्या पाटावर बसवलं. नियमही सांगितला: आज तुझा हुकूम, मागशील ते मिळंल. आई पदर डोक्यावर ओढून, मान खाली घालून जेवली आणि "बास, बास" याशिवाय दुसरा हुकूम काही तिनं सोडला नाही. गावात मात्र बभ्रा झाला. हवालदार ख्रिश्चन झाला, नाताळाला बायकोच्या पाया पडतो, असं काहीबाही. आण्णांना त्याचं लय कौतुक वाटलं.

तेव्हापासून दर नाताळाला हेच. मार्गशीर्ष संपलेला नसला तर आई मटणाला हात लावत नाही, मग वांग्याचा रस्सा. पण वाढायचं आण्णांनी आणि पहिलं ताट आईचं, यात बदल नाही. आई दर वर्षी म्हणायची, "मला न्हाई बया आवडत असलं." आणि दर वर्षी आठवडाभर आधी मसाला कांडून ठेवायची, मला फोन करून सांगलीची हळद आणायला सांगायची. मला याची फार गंमत वाटायची. न आवडणाऱ्या गोष्टीची एवढी तयारी कोण करतं?

या वर्षी गणपतीनंतर आण्णांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर हळूहळू बोलणं आलं, पाय आला, जरा ओढत चालतात पण चालतात. उजवा हात मात्र मागं राहिला. बोटं मिटतात, पण त्यात जोर नाही. चहाचा कपसुद्धा तोंडापर्यंत पोचेस्तोवर निम्मा होतो.

भावानं पुण्याहून मला फोन केला. "ताई, या वर्षी राहू दे ते बडाखाना प्रकरण. कराडहून पार्सल आणू, सगळे मिळून खाऊ." मला पटलं. मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "पार्सल तुमी खावा. मी त्यांच्या हातचंच जेवणार." आणि फोन ठेवला. आण्णा शेजारीच बसलेले असणार, हे मला नंतर सुचलं. आता त्या माणसानं काय करावं?

नाताळाची सुट्टी लागली तशी मी लेकीला घेऊन आदल्याच आठवड्यात घरी गेले. पहिल्याच सकाळी आई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. "ओगराळं कुठं गेलं गं?" आमटी-रस्सा वाढायचं ते उभ्या दांड्याचं पितळी ओगराळं तिच्या सासूच्या वेळचं. शोध शोध शोधलं, नाही. दुपारी बघते तर नेहमीच्या खिळ्याला लटकतंय. दुसऱ्या दिवशी तेच. सकाळी गायब, दुपारी हजर.

मला एकदा शंका आली की मी झोपू शकत नाही, ही माझी जुनी खोड. मी बघत राहिले. सकाळचा चहा झाला की आण्णा काठी टेकत गोठ्याच्या मागं जायचे आणि बराच वेळ यायचे नाहीत. आले की सदरा ओला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: फौजी कँटीनची दारूची बाटली! डॉक्टरनं थेंबसुद्धा नको म्हणून सांगितलेलं, आणि हे गोठ्यामागं ओगराळ्यानं मोजून घेतायत. शिस्तीचा माणूस, पेगसुद्धा मापातच घेणार. माझं असं टाळकं सरकलं की विचारू नका.

तिसऱ्या दिवशी मी मागोमाग गेले. पेंढीच्या गंजीआड उभी राहून बघितलं, आणि बाटलीबिटली काही दिसेना.

आण्णांनी नारळाच्या करवंट्या एका ओळीत मांडल्या होत्या. पंगतीत पानं मांडतात तशा, अगदी सरळ रेषेत. पाण्यानं भरलेली छोटी बादली त्यांच्या उजव्या हाताच्या कोपरात अडकवलेली, कडी खोबणीत बसवून. आणि डाव्या हातात ओगराळं. पहिल्या करवंटीपुढं ते वाकले, ओगराळं बादलीत घातलं, बाहेर काढलं, आणि निम्मं पाणी स्वतःच्या सदऱ्यावर, निम्मं मातीत. करवंटी कोरडी. ते पुटपुटले, "फिरसे." आणि पुन्हा वाकले.

मला हुंदका आला. राग आला होता तो कुठल्या कुठं गेला. त्यांनी आवाज ऐकला, वळून बघितलं आणि आधी हुकूम सोडला, "कुणाला बोलायचं न्हाई." मग बादली खाली ठेवली आणि म्हणाले, "तुला जमायचं न्हवं डाव्या हातानं? शिकीव की."

इथं माझं सांगायला हवं. मी जन्माची डावरी. आणि आमच्या आईला डावा हात म्हणजे विटाळ. डाव्या हातानं कुणाला मीठ दिलेलंसुद्धा तिला खपत नाही. लहानपणी मी डाव्या हातानं वाढायला घेतलं की तिची चापट बसलीच मनगटावर, हात लाल होईस्तोवर. लिहिणं, जेवणं, रांगोळी, सगळं तिनं उजव्यावर आणलं. आज मी फळ्यावर उजव्या हातानं लिहिते आणि सगळे माझं अक्षर छान म्हणतात, पण ते अक्षर माझं आहे असं मला कधी वाटलेलं नाही. आईचं एवढं कडक, की एकदा भावकीतल्या बारशाला वाढप्यानं तिच्या पानात डाव्या हातानं भात घातला, तर ती ताटावरून उठली. उपाशी घरी आली.

आण्णांना हे सगळं माहीत होतं. ते पाण्यानं थबथबलेल्या सदऱ्यात उभे होते आणि मला म्हणाले, "वाढायचं जमंल गं. पण तिनं ताट सारलं तर?"

मी ओगराळं घेतलं. किती वर्षांनी डाव्या हातात काही धरत होते कोण जाणे. वाटलं होतं विसरला असेल. पण हात विसरला नव्हता हो, मुकाट बसून होता इतकंच. ओगराळं भरलं, वळलं आणि करवंटीत अलगद रितं झालं, एक थेंब इकडं तिकडं नाही. आण्णा बघतच राहिले.

"कोपर आत," मी म्हटलं. "अंगाला लावून. तुम्ही हात लांब करताय म्हणून हिंदकळतंय. जेवणाऱ्याजवळ आपण जायचं, हात नाही पाठवायचा."

मग रोज सकाळी आमची शाळा गोठ्यामागं. हवालदार विद्यार्थी आणि मी मास्तरीण. "कोपर आत!" म्हणून मी ओरडायची आणि ते "यस सर!" म्हणायचे. म्हशी आमच्याकडं बघत रवंथ करत. नाताळच्या आदल्या दिवशी सगळ्या करवंट्या काठोकाठ भरल्या आणि सदरा कोरडा राहिला. मी टाळ्या वाजवल्या. आण्णा हसले नाहीत. "करवंट्या काय, उठून जात न्हाईत," म्हणाले.

नाताळाच्या दिवशी भाऊ-वहिनी सकाळी पोचले. रस्सा आण्णांनी खुर्चीत बसून सांगितला आणि भावानं केला. पुऱ्या वहिनीनं तळल्या. आईला चुलीकडं फिरकू दिलं नाही. दुपारी सोप्यात पंगत बसली: पहिल्या पाटावर आई, मग वहिनी, माझी लेक, भाऊ आणि शेवटी मी. आईनं चांगलं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मला आवडत नाही म्हणणारी ही बाई!

आण्णा बादली घेऊन आले. कोपरात अडकवलेली, सगळं ठरल्याप्रमाणं. ते आईच्या ताटासमोर आले, तिच्याकडं बघितलं आणि कचरले. चांगलं समजत होतं मला. एवढा फौजेतला माणूस, पण तिच्यापुढं डावा हात बाहेर काढायची त्यांची छाती होईना. बादली त्यांनी डाव्या हातात घेतली आणि ओगराळं उजव्यात.

अहो आण्णा, नका ना, मी मनात म्हणत होते. ओगराळं वर आलं, थरथरलं, आणि सगळा रस्सा आईच्या लुगड्यावर. तांबडा भडक, मांडीवरून पाटावर. भाऊ उठायला लागला. लेक "आजी, भाजलं का?" म्हणून ओरडली. आण्णा तसेच वाकलेले, सरळ होईनात.

आई जागची हलली नाही. पदरानं मांडी पुसली आणि म्हणाली, "सगळे गप बसा. आवं, आज हुकूम कुणाचा?"

"तुजा," आण्णा म्हणाले.

"मग गोठ्यामागं ज्या हातानं पाणी वाढत हुता, त्या हातानं वाढा."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं. आई म्हणाली, "तिच्याकडं काय बघता? ओगराळं काय आपल्या पायानं जातंय व्हय गोठ्यामागं? रोज घासून कोण ठेवत हुतं खिळ्याला?"

तर ही सगळी बोंबाबोंब, भांडी आपटणं, 'कुठं गेलं गं' विचारणं, सगळं नाटक! आण्णांनी बादली कोपरात अडकवली, ओगराळं डाव्या हातात घेतलं, कोपर आत, आणि आईच्या वाटीत रस्सा वाढला. एक थेंब सांडला नाही. आईनं पुरी मोडली, रश्शात बुडवली आणि खाल्ली. पदर डोक्यावर ओढला नाही की मान खाली घातली नाही. दोन घास झाल्यावर वाटी पुढं केली. "वाढा अजून." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

सगळ्यांना हसू फुटलं. मला नाही फुटलं. मला आनंद झाला होता, आणि त्याच्याच खाली असा संताप उसळला की मी पुरी ताटात टाकली. "मग मला का मारायचीस गं? त्यांचं चालतं, आणि माझा हात लाल करायचीस?"

आईनं घास गिळला, पाणी प्याली. म्हणाली, "तुला सासरी धाडायची हुती. ह्यास्नी आता कुठं धाडायचंय?"

मी डोळे पुसले आणि जेवले.

पंगत उठल्यावर वाढणाऱ्यानं जेवायचं. दर वर्षी आई उठते आणि आण्णांना वाढते. या वर्षी आण्णा पाटावर बसले, तरी ती उठली नाही. भिंतीला टेकून, पाय पसरून, त्याच डागाळलेल्या लुगड्यात बसून राहिली आणि मला म्हणाली, "ऊठ. तुज्या बाला वाढ."

मी उठले, बादली घेतली, ओगराळं रश्शात घातलं.

"त्यो न्हवं," आई म्हणाली.

मी थांबले. तिचं लक्ष सुपारी कातरण्यात होतं, माझ्याकडं ती बघतही नव्हती. मी ओगराळं उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं. हात लांब गेला, शिकवणारीचाच.

"कोपर आत," आण्णा ताटावरून म्हणाले.

मी कोपर आत घेतलं आणि त्यांना वाढलं.