पंचविसावं नाव

मीनाक्षीबाई शहरातल्या पुंडलिकनगरातून शाळेला निघत तेव्हा शेजाऱ्यांची दुधाची पिशवी अजून कडीलाच लटकलेली असे. लासूर स्टेशनपर्यंत रेल्वे, पुढं जीप, शेवटचा अर्धा कोस पायी. अशी सव्वीस वर्षं गेली. यंदा तिसरीचा वर्ग होता आणि पट पंचवीस.

पंचविसावं नाव संस्कृतीचं. आईबाप वाळूजला कंपनीत, पोरगी गावात आजीजवळ. शेळ्यांचा हिशेब तोंडी करायची, गोष्ट सांगायला लागली की वर्ग गप्प व्हायचा. पण अक्षरं तिच्यापाशी टिकत नसत.

पहिल्या चाचणीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक लक्ष्मण सर वर्गाच्या दारातच म्हणाले, "मॅडम, ही एक पोरगी आली की शाळा खाली जाती. उद्या तिला घरीच राहू द्या. गैरहजराचे गुण सरासरीत धरत नाहीत."

बाई नाही म्हणणार होत्या. पण मागल्या साली तालुक्याच्या बैठकीत खालच्या नंबरच्या शाळांचे शिक्षक सगळ्यांपुढं उभे केले होते. त्यात बाईही होत्या. ते उभं राहणं अजून पायांत होतं.

"उद्या चाचणी आहे," त्या संस्कृतीला म्हणाल्या. "तू आजीपाशी थांब. तिचा गुडघा दुखतो ना?"

पोरगी खूश झाली. दुसऱ्या चाचणीला गुडघा पुन्हा दुखला. आजी भागूबाई वाटेत भेटली, हसत म्हणाली, "बाई, माझा गुडघा तुमच्या साळंची तारीख बघून दुखतो व्हय?"

बाईही हसल्या. त्या दिवशी घरी त्यांना जेवण गेलं नाही.

मग खिचडीच्या सुट्टीत त्या रोज संस्कृतीला घेऊन लिंबाखाली बसू लागल्या. बिस्किटाच्या पुड्यावरची, खताच्या गोणीवरची अक्षरं. चार महिन्यांत शब्द आले. वाक्य येईना. ओढ्यातल्या मधल्या दगडावर थांबावं तशी ती अर्ध्यात थांबायची आणि बाईंकडं बघायची.

तिसरी चाचणी आली. बाई म्हणाल्या, "सर, या वेळी ती बसणार. काही लिहिता आलं नाही तरी बसणार."

"बघा बुवा. पुन्हा उभं राहायची तयारी ठेवा."

पोरगी घाबरू नये म्हणून बाईंनी तिला काहीच सांगितलं नाही. शाळा सुटताना फळ्यावर नेहमीसारखं लिहिलं: उद्या चाचणी आहे.

दुसऱ्या दिवशी चोवीस पोरं आली.

पेपर संपताच बाई तरातरा तिच्या घरी गेल्या. संस्कृती शेळीला पाला घालत होती.

"का गं आली नाहीस?"

"आज चाचणी हाय ना."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाय. फळ्यावर लिव्हलं व्हतं. म्या वाचलं."

"सगळं? एकटीनं?"

"व्हय. दोनदा वाचलं." हातातला पाला संपल्यावर ती हळूच म्हणाली, "मी आले की शाळा खाली जाती ना, बाई?"

बाई उंबऱ्यावरच टेकल्या. भागूबाईनं आतून पाणी आणलं, ते तसंच हातात राहिलं.

शाळेत परतल्या तेव्हा लक्ष्मण सर मोबाईलवर गुण भरून मोकळे झाले होते. पंचविसाव्या नावापुढं गैरहजर.

"सर, तिला वाचता येतं. तेवढं एका नावापुढचं बदलता येईल का?"

सरांनी मान वर केली. बाईंचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला.

"आता नाही, मॅडम. गेलं ते."