पूर्णेहून आणलेला जंतू

पेडगावात माझ्या थोरल्या वहिनीला सगळे कामचुकार म्हणायचे. आधी तिच्या एका डोळ्यापुढं धुकं आलं आणि महिन्याभरात आपोआप गेलं. मग पायांना मुंग्या यायला लागल्या. एक दिवस भरली घागर घेऊन ती आडापाशीच बसली. पुन्हा बरी झाली, पुन्हा पडली. माय म्हणायची, "सणाला पाय चालतेत, ज्वारी काढायला चालत न्हाईत. असला कोणता रोग हाय?"

मला संताप यायचा. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत मिडलपर्यंत शिकलेला मी, म्हणजे घरातला एकुलता एक विद्वान. रेल्वेनं वहिनीला पूर्णेच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं गुडघ्यावर ठोकलं, तळव्याला टाचणी लावली आणि म्हणाला, "मज्जातंतूंचं दुखणं आहे. कशानं होतं कुणाला माहीत नाही. कुठला तरी जंतू असेल, कदाचित."

त्यातला 'कदाचित' मी गाडीतच विसरून आलो. ओसरीवर उभं राहून जाहीर केलं, "वहिनी ढोंग करत न्हाई. तिच्या अंगात जंतू हायत." वर, कुणी विचारलं नसताना, जंतू डोळ्याला दिसत नाहीत, एका थेंबात हजारो मावतात, हेही शिकवलं.

मायनं प्लेगात गाव ओस पडलेलं पाहिलं होतं. तिनं वहिनीच्या मांडीवरचं वर्षाचं लेकरू उचललं, ते परत ठेवलंच नाही. दुसऱ्या दिवशी वहिनीचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, आणि झोपायला शेतातला आखाडा, म्हणजे गुरांच्या गोठ्याजवळची खोप.

"माय, डॉक्टर 'कदाचित' म्हणला होता."

"काल तर छाती ठोकून सांगायलतास की."

दादा खाली मान घालून दावं वळत बसला. स्वतःच्या बायकोसाठी त्या माणसानं तोंड उघडलं नाही. आजही आठवलं की माझ्या मुठी वळतात.

मग मी आखाड्यावर गेलो आणि मायच्या डोळ्यांदेखत वहिनीच्या ताटात जेवलो. वाटलं, आता मलाही बाहेर काढतील, भांडण पेटेल. मायनं संध्याकाळी मला नेहमीच्याच ताटात वाढलं. "गडीमाणूस हाय, पचवंल," म्हणाली.

वहिनी मला म्हणाली, "भावजी, तुमाला न्याय करायला कुणी सांगितलं व्हतं? कामचुकार व्हते तवा लेकरू तरी मांडीवर व्हतं."

या रोगाला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात, हे पुढं फार उशिरा कळलं. त्याच्या मुळाशी एखादा जंतू असेलही. शोधणारे अजून शोधतात. पण शेजारी बसून, एका ताटात जेवून तो कुणाला होत नाही. हे सांगायला तेव्हा कुणी नव्हतं, आणि बोलायला मात्र मी होतो.

पाच-सहा महिन्यांनी, पावसाळा सरता सरता, वहिनीचे पाय सुधारले. आखाड्यावरून ती एकटी चालत घरी आली. मायनं तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं. वहिनीनं हात पसरले. लेकरू दोन पावलं मागं सरलं आणि माझ्या धोतराला धरून उभं राहिलं. मी उचलून तिच्या मांडीवर ठेवलं, तर किंचाळत पुन्हा माझ्याकडंच आलं.

"ऱ्हाऊ द्या भावजी," वहिनी म्हणाली. "तुमाला वळखतंय ते."