हेल्मेट काढल्यावर

आमच्या ह्यांना राग आला की आधी कान लाल होतात. मैदानावरची पोरं कान बघूनच चार पावलं मागे सरायची. नवऱ्याची निंदा करत नाही हो मी, पण आहे ते आहे. दिवसा लोखंडी गेटं वेल्ड करायची आणि संध्याकाळी क्लबात लॅक्रॉस शिकवायचं. खेळच मुळी दणक्याचा. टोकाला जाळी असलेली काठी, जाळीत कडक रबरी चेंडू, आणि तो पाडायला समोरच्याने काठी हाणायची. डोक्याला हेल्मेट, त्याला तोंडावर लोखंडी गज. काठ्यांच्या जाळ्या मी विणायचे, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भाजी बाजूला सारून.

ह्यांच्या मास्तरांनी, म्हणजे जुन्या कोचने, ह्यांचा अंगठा मोडला होता. तो वाकडाच जुळला. तोच नाचवत हे पोरांना सांगायचे, "याने मला घडवलं." मग तीच रीत पुढे चालू. ज्याच्या जाळीतून चेंडू पडेल त्याने हेल्मेट न काढता समोर यायचं, डावी मांडी पुढे करायची आणि काठीचा एक फटका खायचा. ओरडला तर दुसरा. आमच्या पोराला न ओरडताही दोन, घरचा म्हणून लाड होतात असं कोणी म्हणू नये ना! रात्री त्याच्या काळ्यानिळ्या मांडीवर बर्फ मी धरायचे.

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही," हे म्हणायचे.

"मला देव नकोय. पोरगा धड चालता हवाय."

"तू जाळ्या विण."

आणि जिंकायचे, तीच तर पंचाईत! क्लब जिंकला, जिल्हा जिंकला, मग ह्यांना राज्याचा संघ मिळाला. शेवटी राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं. शिबिर नीट पार पडलं तर हे राष्ट्रीय संघाचे कोच. उभ्या जन्मात ह्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. पोराचीही निवड तिथेच झाली, आणि जाळ्यांसाठी मलाही नेलं.

पहिल्याच सकाळी लॅक्रॉस महासंघाच्या अध्यक्षांनी बजावलं, "खेळाडूवर हात उचलायचा नाही. उचललात तर थेट घरी." ह्यांनी मान डोलावली आणि हात खिशात कोंबले. कान लालभडक व्हायचे, ओठ चावून चावून रक्त यायचं, पण हात काही बाहेर आला नाही. मला वाटलं, चला, एकदाचं गंगेत घोडं न्हालं.

शेवटच्या सराव सामन्यात पोराच्या जाळीतून चेंडू पडला. लगेच पुन्हा पडला. समोरच्या धटिंगणाने त्याला खांद्याने आडवा केला आणि चेंडू उचलून गोल मारला. पोरगा उठतोय तोच हे मैदानात शिरले.

"अहो, नियम!" मी किंचाळले.

"नियम खेळाडूंसाठी. हा माझा पोरगा आहे!"

ह्यांनी कोणाची तरी काठी हिसकावली आणि सणकन मांडीवर हाणली. दुसऱ्यांदा उगारली तेव्हा पोराने आपली काठी फिरवली. कोपर अंगाला चिकटलेलं, झटका वरून खाली, ह्यांनीच घोटून घेतलेला. ह्यांच्या मनगटाचं हाड मोडलं ते मला बाकावर ऐकू आलं.

आणि हा माणूस गुडघ्यावर कोसळून काय म्हणाला? "शाब्बास! कोपर आत होतं!"

अध्यक्ष धावत आले. "याआधी कधी मारलंय?"

"छे हो! आज पहिल्यांदाच तोल गेला," हे म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. पोरगा गप्प. मार खाऊन गप्प बसायचं हेही ह्यांनीच शिकवलेलं.

"आधी प्लास्टर घालून घ्या," अध्यक्ष म्हणाले. "पहिलीच चूक असेल तर बघू काय करता येतं."

दवाखान्यात अध्यक्ष बाहेर बाकावर बसले. मी मनाशी ठरवलं होतं, मला विचारलं तर खरं सांगणार, मग संसाराचं काय व्हायचं ते होवो. प्लास्टर झालं आणि पोरगा आत आला. हेल्मेट नव्हतं, केस घामाने कपाळाला चिकटलेले.

"असा झटका अख्ख्या शिबिरात कोणी मारला नाही रे!" म्हणत ह्यांनी त्याची पाठ थोपटायला चांगला हात उचलला.

पोराने डावी मांडी पुढे केली. बाविशीचा, दारात न मावणारा गडी, डोळे गच्च मिटून ताठ उभा, आणि ओठ लहान मुलासारखे थरथरत होते.

ह्यांचा हात तसाच वर राहिला. "हा... हा असा का करतोय?"

"नेहमीच करतो. हेल्मेटच्या आतलं तोंड तुम्ही कधी बघितलंत?"

हे हात खाली घेऊन वळले. दार उघडून बाहेर गेले. दार उघडंच राहिलं.

"साहेब, पहिली चूक नाही ही," ह्यांचा आवाज आला. "क्लबापासून मारतोय. याला सगळ्यात जास्त."

अध्यक्षांचं उत्तर मी ऐकलं नाही. काय असणार ते ठाऊक होतं. मी पोराच्या गालाला हात लावला.

"डोळे उघड रे राजा. बाहेर गेले ते."

त्याने डोळे उघडले. मांडी मात्र अजून पुढेच होती.